प्रमेय लावलं की व्यत्यास?

आषाढी एकादशीला घरात साबुदाण्याची खिचडी होते. पण खिचडी दिसली म्हणून आज एकादशीच असणार, असं कुणी म्हणत नाही. भूमितीच्या वहीत मात्र नेमकं हेच सर्रास लिहिलेलं सापडतं.

‘5² = 3² + 4², म्हणून पायथागोरसच्या प्रमेयानुसार हा त्रिकोण काटकोन आहे.’ उत्तर बरोबर, कारण चुकलेलं. प्रमेयाचा पक्ष (जे दिलेलं असतं ते) काटकोन आणि साध्य (जे सिद्ध करायचं ते) वर्गांची बेरीज. इथे बेरीज हातात आहे आणि काटकोन हवाय, म्हणजे पक्ष आणि साध्य यांची अदलाबदल झाली. तो व्यत्यास. पायाची आखणी करताना गवंडी एका दोरीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट मोजून तिरकं अंतर 5 फूट भरतंय का पाहतो, तेव्हा तोही व्यत्यासच वापरत असतो.

दोन्ही विधानं खरी असली की त्यांना एकच समजायची सवय लागते. युक्लिडने ती वेगळी ठेवली: त्याच्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात 47वं विधान हे प्रमेय आणि 48वं त्याचा व्यत्यास, प्रत्येकाची सिद्धता स्वतंत्र. व्यत्यासाची सिद्धता मला फार आवडते. दिलेल्या त्रिकोणाच्या दोन लहान बाजूंएवढ्याच बाजू घेऊन शेजारी एक खराखुरा काटकोन त्रिकोण काढायचा, त्याला मूळ प्रमेय लावून कर्ण दिलेल्या तिसऱ्या बाजूएवढाच येतो हे दाखवायचं, मग बाबाबा (तिन्ही बाजू समान) कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप. व्यत्यास सिद्ध करायला प्रमेयाचाच खांदा!

प्रत्येक वेळी असं जमत नाही. एकरूप त्रिकोणांची क्षेत्रफळं समान असतात. उलट म्हणाल, तर पाया 4, उंची 3 आणि पाया 12, उंची 1 या दोन्हींचं क्षेत्रफळ 6च.

आरएमओची, म्हणजे प्रादेशिक गणित ऑलिंपियाडची, तयारी करताना खरा कस इथे लागतो. चौकोन चक्रीय (चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर) आहे हे दिलेलं असण्यापेक्षा ‘हे चार बिंदू एका वर्तुळावर आहेत हे दाखवा’ असंच जास्त वेळा विचारतात, आणि तिथे काम व्यत्यासाचं. त्याच्या अटी मात्र नीट वाचायला हव्यात. एका रेषाखंडाने दोन बिंदूंपाशी समान कोन केले, तर चारही बिंदू एका वर्तुळावर येतात, पण ते दोन बिंदू रेषाखंडाच्या एकाच बाजूला असतील तरच. विरुद्ध बाजूंना असतील तर त्या कोनांची बेरीज 180° हवी. आकृती घाईत काढली की ही अट हमखास निसटते.

याहून फसवी जोडी सेव्हा आणि मेनेलाउस यांच्या प्रमेयांची. त्रिकोण ABC च्या BC, CA, AB या बाजूंवर किंवा त्या वाढवून D, E, F घ्या. सेव्हाचं प्रमेय AD, BE, CF या रेषा एकसंपाती असतात (एकाच बिंदूतून जातात) तेव्हाचं, मेनेलाउसचं D, E, F हे बिंदू एकरेषीय असतात (एका रेषेत येतात) तेव्हाचं. (BD/DC) × (CE/EA) × (AF/FB) हा गुणाकार नुसत्या लांब्या धरल्या तर दोन्ही प्रमेयांत 1 येतो! मग गुणाकार 1 आला म्हणून काय म्हणायचं, रेषा एकसंपाती की बिंदू एकरेषीय? तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू घेऊन पाहा. गुणाकार 1, मध्यगा एकसंपाती, पण मध्यबिंदू काही एका रेषेत नाहीत. तिन्ही बिंदू बाजूंच्या आत असतील तर सेव्हाचा व्यत्यास. दोन आत आणि एक वाढवलेल्या बाजूवर असेल तर मेनेलाउसचा. लांब्यांना दिशेची चिन्हं दिली की सेव्हाचा गुणाकार +1 आणि मेनेलाउसचा −1 होतो, गोंधळ मुळातच मिटतो.

कधी व्यत्यास खरा असतो, पण प्रमेयाच्या कितीतरी पट अवघड. समद्विभुज त्रिकोणात समान कोनांचे दुभाजक समान लांबीचे असतात, हे नववीतला मुलगा दोन मिनिटांत दाखवेल. उलट विधान, म्हणजे दोन कोनदुभाजक समान असतील तर त्रिकोण समद्विभुज, हे लेमुस या गणितज्ञाने 1840 साली स्टर्म या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून विचारलं. सिद्धता दिली स्टायनर या भूमितीतज्ज्ञाने. दुभाजकांच्या जागी मध्यगा घ्या, तर व्यत्यास सोपा आहे: मध्यगासंपात (तिन्ही मध्यगा जिथे छेदतात तो बिंदू) प्रत्येक मध्यगेला 2 : 1 मध्ये विभागतो, त्यावरून बाकोबा (दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन समान) कसोटीने पाच-सहा ओळींत काम होतं. दुभाजकांचं करून पाहायचं असेल तर संध्याकाळ मोकळी ठेवा.