कोंडवाडा ते पुनर्वसन: ‘नो-किल’ निवाऱ्यांची पार्श्वभूमी

टाकून दिलेला किंवा जखमी प्राणी निवाऱ्यात नेला की त्याच्यावर उपचार होतील, बरा झाला की त्याला कुणीतरी घरी नेईल, अशी आज आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा फार जुनी नाही. विसाव्या शतकात बराच काळ अनेक मोठ्या शहरांत अशा प्राण्याच्या वाट्याला काही दिवसांची मुदत यायची आणि ती संपली की मरण. मला यात सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते, की हे मरण देणाऱ्या कितीतरी संस्था प्राण्यांवर जीव असलेल्या माणसांनीच उभ्या केल्या होत्या. ‘नो-किल’, म्हणजे निवाऱ्यात आलेले वाचवता येण्याजोगे प्राणी न मारण्याच्या, चळवळीची मुळं शोधायची तर आधी हे कसं घडलं ते पाहावं लागतं.

ब्रिटनमध्ये रिचर्ड मार्टिन या खासदाराच्या खटपटीतून 1822 मध्ये गुराढोरांवरच्या क्रूरतेविरुद्ध कायदा झाला. दोन वर्षांनी त्याच्या अंमलबजावणीसाठी लंडनमध्ये संस्था निघाली. त्या वेळी लक्ष होतं ते माणसासाठी राबणाऱ्या जनावरांकडे. रस्त्यावरचं बेवारस कुत्रं त्यात कुठेच बसत नव्हतं. त्याच्यासाठी 1860 मध्ये मेरी टीलबी यांनी लंडनच्या हॉलोवे भागात जागा काढली आणि तिला ‘हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठीचं तात्पुरतं घर’ असं सरळ नाव दिलं. शहरात माणसं उपाशी असताना कुत्र्यांचे हे चोचले कशाला, म्हणून वर्तमानपत्रांतून त्यांची टर उडवली गेली. टीलबी 1865 मध्ये वारल्या, पण काम थांबलं नाही. 1871 मध्ये ही संस्था बॅटरसीला गेली, 1883 पासून तिथे मांजरंही घेतली जाऊ लागली, आणि आजही ती सुरू आहे.

त्याच काळात न्यूयॉर्कमधली परिस्थिती भयंकर होती. पकडलेली कुत्री कोंडवाड्यात डांबली जायची. सोडवायला कुणी आलं नाही तर लोखंडी पिंजऱ्यात भरून तो पिंजरा ईस्ट नदीत बुडवला जायचा. 1866 मध्ये हेन्री बर्ग यांनी तिथे प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था, म्हणजे आजची एएसपीसीए, स्थापन केली. पुढच्याच वर्षी संस्थेने जखमी घोड्यांना उचलून नेण्यासाठी खास गाडी सुरू केली. जखमी जनावराला जागच्या जागी संपवण्याऐवजी उपचाराला न्यायचं, हा विचार त्या गाडीतून रस्त्यावर आला. शहराचा कोंडवाडा चालवायला मात्र बर्ग यांनी नकार दिला होता. 1888 मध्ये त्यांचं निधन झालं आणि 1894 मध्ये संस्थेने तेच काम अंगावर घेतलं.

हेतू चांगलाच होता. फिलाडेल्फियात कॅरोलाइन अर्ल व्हाइट यांच्या पुढाकाराने 1869 मध्ये सुरू झालेल्या, तिथल्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेच्या महिला शाखेनेही शहराचा कोंडवाडा आपल्याकडे घेतला. कुत्रं मारलं जाणारच असेल तर निदान हाल होऊन मरू नये, एवढाच विचार त्यामागे होता, आणि त्या काळातली क्रूरता पाहिली तर तो विचार मला समजतो. पण एकदा पालिकेचा करार हाती आला की येणाऱ्या प्रत्येक प्राण्याला घ्यावंच लागतं, जागा ठरलेली असते आणि रोज नवे प्राणी येतच राहतात. अशा ठिकाणी जागा रिकामी करण्याचा सर्वात स्वस्त मार्ग हळूहळू नेहमीचा होतो. न्यूयॉर्कचा तो करार एएसपीसीएने सोडायचं ठरवलं तेव्हा जवळपास शंभर वर्षं झाली होती.

वेगळ्या वाटेने जाणारे तेव्हाही होते. बॉस्टनमध्ये 1884 मध्ये एलन गिफर्ड यांच्या देणगीतून निवारा उभा राहिला, न्यूयॉर्कमध्ये फ्लोरा किबी यांनी 1903 मध्ये ‘बाइड-अ-वी’ सुरू केलं. प्राणी मारायचे नाहीत हे दोन्हीकडे ठरलेलं होतं. ही ठिकाणं छोटी होती आणि जागा भरली की दार बंद करू शकत होती. म्हणूनच मोठ्या निवाऱ्यांनी पुढे अनेक दशकं एकच उत्तर दिलं: तुम्ही निवडून घेता, आम्हाला सगळे घ्यावे लागतात. या उत्तरात तथ्य होतं, आणि ते खोडून काढायला कुणाला तरी एका अख्ख्या शहरात वेगळं काही करून दाखवावं लागणार होतं.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पाळीव प्राण्यांची संख्या झपाट्याने वाढली. नसबंदी महाग होती, पिल्लांवर पिल्लं निवाऱ्यांत येत होती. मारण्यासाठी हवेचा दाब कमी करणाऱ्या पेट्या वापरात आल्या. लॉस एंजेलिसने 1971 मध्ये पालिकेतर्फे कमी खर्चाचं नसबंदी केंद्र सुरू केलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासात याहून मोठं वळण नाही, कारण निवाऱ्यातली गर्दी निवाऱ्याच्या बाहेर कमी करायची असते हे तिथे पहिल्यांदा सरकारी पैशाने मान्य झालं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेची सूत्रं 1976 मध्ये रिचर्ड अवान्झिनो यांनी घेतली. त्यांच्या काळातली सिडो या कुत्रीची हकीकत सांगायलाच हवी. तिच्या मालकिणीने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, की आपल्यामागे सिडोला मारून टाकावं. आपल्यानंतर तिला प्रेमाने सांभाळणारं कुणी मिळणार नाही अशी मालकिणीला भीती होती. अवान्झिनो यांनी कुत्रीला सोपवायला नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात गेलं आणि 1980 मध्ये सिडोचा जीव वाचवणारा निकाल आणि कायदा दोन्ही झाले. एका कुत्रीसाठी राज्यभरातून लोक बोलू लागले, तेव्हा निवाऱ्यांत रोज मरणाऱ्या बाकीच्या प्राण्यांचा प्रश्न कुणालाच टाळता येईना.

पुढे 1984 मध्ये या संस्थेने प्राणी पकडण्याचा पालिकेचा करार सोडत असल्याचं कळवलं, 1989 मध्ये शहराने त्यासाठी स्वतंत्र खातं काढलं. मग 1994 मध्ये हे खातं आणि संस्था यांच्यात करार झाला. दत्तक जाण्याजोगं एकही कुत्रं किंवा मांजर शहरात मारलं जाणार नाही, पालिकेला घर मिळवून देता आलं नाही तर संस्था त्याला घेईल, आणि आजारी वा जखमी असले तरी उपचारांनी बरे होऊ शकतील अशांनाही वाचवण्याचा प्रयत्न होईल. यातलं शेवटचं कलम मला सर्वात मोलाचं वाटतं. तोपर्यंत मोडलेला पाय, खरूज किंवा भेदरलेला स्वभाव ही मारण्याची पुरेशी कारणं होती. आता ती उपचार सुरू करण्याची कारणं झाली.

याच विचाराला 2004 मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमार इथे झालेल्या बैठकीत मोजमापाचं रूप मिळालं. निवाऱ्यातल्या प्राण्यांचे निरोगी, बरे करता येण्याजोगे, कायम औषधपाण्यावर सांभाळता येण्याजोगे आणि उपचारांपलीकडचे असे गट ठरले. त्याआधी, 2001 पासून, न्यूयॉर्क राज्यातल्या टॉम्पकिन्स काउंटीत नेथन विनोग्राड यांनी आलेला प्रत्येक प्राणी घेऊनही नो-किल निवारा चालवून दाखवला होता. ‘तुम्ही निवडून घेता’ या जुन्या उत्तराला हे प्रत्युत्तर होतं. आलेल्यांपैकी 90 टक्के प्राणी जिवंत बाहेर पडले तर त्या ठिकाणाला नो-किल म्हणायचं, हा निकष हळूहळू रुळला. उरलेल्या दहा टक्क्यांत असह्य वेदनेत असलेले, वाचू न शकणारे आणि माणसांना खरोखर धोकादायक असलेले प्राणी धरले जातात. त्यांना दयामरण देणं या भूमिकेच्या विरोधात जात नाही.

पुनर्वसनाच्या पद्धती मात्र निवाऱ्यांच्या रोजच्या कामातून घडल्या. डोळेही न उघडलेल्या मांजरीच्या पिल्लांना दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, बाटलीने दूध पाजावं लागतं. तेवढी माणसं नसल्याने अशी पिल्लं आल्याआल्याच मारली जात. टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये 2008 नंतर ‘ऑस्टिन पेट्स अलाइव्ह’ या संस्थेने अशा पिल्लांसाठी स्वयंसेवकांच्या पाळ्या लावल्या, पार्व्हो हा जीवघेणा संसर्गजन्य आजार झालेल्या कुत्र्यांसाठी वेगळा कक्ष काढला आणि बरे होणारे प्राणी तात्पुरत्या पालकांच्या घरी ठेवायला सुरुवात केली. 2011 मध्ये ऑस्टिनने 90 टक्क्यांचा टप्पा ओलांडला. स्वभावाच्या पुनर्वसनाला वळण मिळालं ते 2007 मध्ये, व्हर्जिनियात मायकेल विक या फुटबॉलपटूच्या मालमत्तेवर कुत्र्यांच्या झुंजींचा अड्डा सापडला तेव्हा. झुंजीतली कुत्री सरसकट मारायची रीत होती. इथे कोर्टाच्या देखरेखीखाली एकेकाला तपासलं गेलं आणि बहुतेक सगळी वाचली. त्यातली 22 कुत्री युटामधल्या ‘बेस्ट फ्रेंड्स’ या प्राणी-संस्थेच्या आश्रयस्थानात गेली. माणसाला पाहून जमिनीला चिकटून बसणाऱ्या कुत्र्याला महिनोन्‌महिने फक्त शेजारी बसून माणसाची सवय लावता येते, हे अनेकांना यानंतर पटलं.

कायद्याच्या मार्गानेही काही देश इथे पोचले. इटलीने 1991 मध्ये बेवारस कुत्री मारण्यावर बंदी घातली, भारतात 2001 च्या नियमांनी नसबंदी व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडण्याची पद्धत आली, तैवानने 2017 पासून निवाऱ्यांतलं सरसकट मरण थांबवलं. इटलीचा अनुभव मात्र डोळ्यांआड करता येत नाही. मारणं बंद झालं, पण नसबंदी आणि दत्तक यांचा वेग जिथे वाढला नाही तिथे हजारो कुत्री अख्खं आयुष्य सिमेंटच्या कोठड्यांत काढत राहिली. जिवंत ठेवलेल्या कुत्र्याला कोठडीतच म्हातारं होऊ देणं याला मी पुनर्वसन म्हणू शकत नाही, आणि निवाऱ्यांत काम करणारी माणसंही हेच सांगतात.

अमेरिकेत 2011 च्या सुमारास निवाऱ्यांत दर वर्षी अंदाजे 26 लाख कुत्री-मांजरं मारली जात, असा एएसपीसीएचा अंदाज होता. 2019 साठी तो 9 लाख 20 हजारांवर आला. ‘बेस्ट फ्रेंड्स’ने 2016 मध्ये 2025 पर्यंत देशभर नो-किलचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं, ते पूर्ण गाठलं गेलं नाही. कोविडनंतर गर्दी पुन्हा वाढली, मोठ्या चणीची कुत्री महिनोन्‌महिने अडकून राहू लागली. त्यामुळे आता अनेक निवारे आपल्या पैशाचा आणि माणसांचा एक हिस्सा दाराबाहेर वळवत आहेत: अडचणीतल्या पालकाला खाद्य आणि उपचारांचा खर्च देणं, घर बदलताना कुत्रं काही आठवडे सांभाळणं, वागणुकीच्या तक्रारीवर शिकवणारा माणूस पाठवणं. प्राणी टाकून द्यायची वेळच येऊ नये यासाठी केलेलं हे काम जगलेल्या प्राण्यांच्या टक्केवारीत दिसत नाही. त्याची नोंद कशी ठेवायची, यावर निवाऱ्यांमध्ये सध्या चर्चा चालू आहे.