आठवडाभराची अपुरी झोप आणि ७११ जनुकं

"आठवडाभर जागरण झालं, आता रविवारी ताणून देतो." हे आपण इतक्या सहज म्हणतो की झोप म्हणजे जणू उधारीचं खातं. पण आपण जागतो तेव्हा डोळ्यांबरोबर पेशींचाही दिनक्रम बिघडतो, आणि तो मोजता येतो.

२०१३ साली इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठातल्या संशोधकांनी तो मोजला. त्यांनी २६ निरोगी स्त्री-पुरुषांना एक आठवडा रात्री दहा तास अंथरुणात राहू दिलं आणि एक आठवडा फक्त सहा तास. सहा तासांच्या आठवड्यात प्रत्यक्ष झोप मिळाली सरासरी ५.७ तास. म्हणजे आपल्यापैकी अनेकांची नेहमीचीच रात्र! प्रत्येक आठवड्यानंतर या मंडळींना जागं ठेवून दर तीन तासांनी त्यांचं रक्त घेतलं, असे एकूण दहा नमुने. त्या वेळात उजेड, हालचाल, खाणं यांवर काटेकोर नियंत्रण होतं. मग रक्तातला आरएनए, म्हणजे कामाला लागलेल्या जनुकांची पेशीने काढलेली नक्कल, तपासला.

आरएनएच का? घरात भांडी पुष्कळ असतात, पण रोज चुलीवर चढतात ती मोजकीच. पेशीचंही तसंच. जवळपास सगळी जनुकं तिच्यात असतात, पण कोणती कामाला लागली आहेत हे आरएनएवरून कळतं. अपुऱ्या झोपेच्या आठवड्यानंतर ७११ जनुकांचं काम बदललेलं दिसलं: ४४४ मंदावली, २६७ वाढली. त्यांत दाह, प्रतिकारशक्ती, ताण आणि चयापचय यांच्याशी संबंधित जनुकं होती. डीएनए होता तसाच होता, बदलला तो त्याचा वापर.

मला या आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. पुष्कळ जनुकं दिवसाच्या ठरावीक वेळी चढतात आणि ठरावीक वेळी उतरतात. ही लय राखणाऱ्या घड्याळाचा धागा १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना फळमाशीत सापडला. 'पिरियड' नावाच्या जनुकापासून प्रथिन बनतं, साठत जातं आणि पुरेसं साठलं की त्याच जनुकाला थांबवतं. ते प्रथिन नष्ट झालं की जनुक पुन्हा सुरू होतं. हा फेरा साधारण २४ तासांचा. तो उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

सरेच्याच संशोधकांनी २०१४ मध्ये २२ जणांना २८ तासांच्या 'दिवसा'वर ठेवलं. त्यामुळे झोपेची वेळ रोज चार तास पुढे सरकत गेली आणि अखेर भर दिवसा आली. रक्तात लयीत चालणाऱ्या जनुकांचं प्रमाण ६.४ टक्क्यांवरून थेट १ टक्क्यावर घसरलं.

खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवून, खाली भाजीवाल्याची आरोळी चालू असताना झोपू पाहणारा रातपाळीचा माणूस आठवा. "दिवसभर झोपतोस की!" असं त्याला घरचेच ऐकवतात. तो झोपतो खरा, पण त्याच्या पेशींचं घड्याळ त्या वेळी दुपार दाखवत असतं.