घरी सिस्टीम बांधताय? मिडच्या डब्याबद्दल थोडं
(आमच्या लकडगंज, नागपूर येथील स्पीकर-बॉक्स वर्कशॉपच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न बासचा विचारतात. पंधरा इंची घ्यावा की अठरा, किती वॅटचा, डबा केवढा. बास आणि ॲम्पवर पैसे लागून गेले की उरलेल्या पैशांत मिड, म्हणजे मधल्या आवाजाचा स्पीकर, येतो, आणि पुष्कळदा तो त्याच मोठ्या डब्याला भोक पाडून बसवला जातो. सिस्टीम लागते, छाती धडधडते, पण भजनाचे शब्द कळत नाहीत. महाप्रसाद साडेसातला आहे की साडेआठला, हे मंडपातले लोक एकमेकांना विचारत बसतात.

‘सात’ आणि ‘आठ’ यांत ‘आ’ सारखाच आहे. फरक आहे तो स, त आणि ठ यांचा. माणसाच्या बोलण्याचा मुख्य भाग साधारण २५० ते ४००० हर्ट्झ या पट्ट्यात असतो. स्वरांचा जोर खालच्या भागात असतो. स, त, ट, क ही व्यंजनं बरीचशी २००० हर्ट्झच्या वर ओळखू येतात, आणि ती मुळातच स्वरांपेक्षा नाजूक असतात. जुन्या लँडलाइनच्या टेलिफोनवर फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे जायचा, तरी तासन्‌तास गप्पा व्हायच्या. शब्द राहतो तो इथे, आणि हा पट्टा सांभाळायचं काम मिडचं. उन्हाळ्यात खोलीत कूलर घरघरत असेल तर हे लगेच कळतं. त्या आवाजातून बास आरामात पार होतो, व्यंजनं मात्र बुडतात.

मिडला स्वतःची खोली द्या

मागे एका भजन मंडळाची मंडळी थ्री-वे डबा, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या आवाजाला वेगवेगळे स्पीकर असलेला डबा, घेऊन आली होती. ढोलकीवर थाप पडली की गायकाचा आवाज थरथरतो, अशी तक्रार. आम्ही पाठची फळी खोलली. पंधरा इंची बास आणि साडेसहा इंची मिड एकाच पोकळीत होते, मध्ये काही आडोसा नाही. बासचा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) आत आला की डब्यातली हवा दाबली जाते आणि ती मिडच्या कोनाला मागून ढकलते. मिडला गाणं म्हणायचं असतं, इकडे बास त्याला प्रत्येक ठोक्याला धक्के मारतो. त्या मिडचा कोन कडेला चिरत आला होता.

त्या मंडळाला नवा डबा घ्यायची गरज नव्हती. प्लंबिंगच्या दुकानातून १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणला, वीतभर कापला, एका तोंडाला कॅप चिकटवली, आत कापूस भरला आणि मिडच्या पाठीमागे तो पाइप पुढच्या फळीला चारी बाजूंनी सील करून बसवला. वायर काढलेलं भोकही बुजवलं. तोच ॲम्प, तोच बास, मिड तेवढा नवा. गायकाचा आवाज जागेवर आला. तुमच्याकडे जुना थ्री-वे डबा असेल तर आधी हे करून पाहा, मग आमच्याकडे या.

काही मिड कंपनीतूनच पाठ बंद असलेले येतात. स्पीकर उलटा करून पाहा. बास्केटच्या (मागच्या सांगाड्याच्या) खिडक्यांतून कोनाची मागची बाजू दिसत असेल तर त्याला वेगळा डबा लागणारच. पाठीला पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं बंद झाकण असेल तर त्याचा डबा त्याच्यासोबतच आहे, दुसऱ्याचे पैसे घालू नका.

किती लिटरचा?

सगळ्यात जास्त हेच विचारतात, आणि स्पीकर न पाहता आम्ही याचं उत्तर देत नाही. ‘साडेसहा इंची आहे, डबा द्या’ एवढ्यावर डबा ठरत नाही, कारण दोन साडेसहा इंची स्पीकर एकाच मापाच्या डब्यात वेगळे वाजतात. आम्हाला तीन आकडे लागतात: एफएस, म्हणजे कोन मोकळा असताना ज्या फ्रीक्वेन्सीवर आपणहून डोलतो ती, क्यूटीएस, म्हणजे ते डोलणं किती आवरलेलं आहे, आणि व्हीएएस, म्हणजे कोनाच्या लवचीकपणाची बरोबरी किती लिटर हवा करते.

एक हिशेब करून दाखवतो. समजा मिडचा एफएस ८० हर्ट्झ, क्यूटीएस ०.३५ आणि व्हीएएस ९ लिटर आहे. त्याला ३ लिटरचा बंद डबा दिला. ९ भागिले ३ म्हणजे ३, त्यात १ मिळवला की ४, त्याचं वर्गमूळ २. या २ ने दोन्ही आकडे गुणायचे. डब्यात बसल्यावर एफएस १६० हर्ट्झ होतो आणि क्यू ०.७० होतो. बंद डब्यासाठी ०.७ च्या आसपासचा क्यू उत्तम. त्याहून फार वर गेला की आवाज डब्यातून आल्यासारखा, भरलेला वाटतो. आता १६० च्या दुपटीला, म्हणजे ३२० हर्ट्झच्या जवळपास किंवा त्याहून वर, क्रॉसओव्हर (बास आणि मिडमध्ये आवाज वाटून देणारी हद्द) ठेवला की मिड सुखाने वाजतो आणि खालचं ओझं बास उचलतो.

हे ३ लिटर मोकळ्या हवेचे धरायचे. आतून २१ × १६ × १० सेंटिमीटर केलं तर ३.३६ लिटर भरतात. स्पीकरचं चुंबक, बास्केट आणि आतली एखादी पट्टी मिळून तीन-साडेतीनशे मिलिलिटर खातात, की हिशेब जुळला. आतली तिन्ही मापं वेगवेगळी ठेवली आहेत ती मुद्दाम. चौकोनी ठोकळा केला तर तिन्ही दिशांनी एकाच फ्रीक्वेन्सीला आवाज घुमतो आणि एखादा सूर उगाचच पुढे येतो. सुरुवातीच्या काळात आम्ही दिसायला छान म्हणून असे ठोकळे बनवले होते. तबल्यात खटकत नव्हते. बासरी लागली की एक स्वर ओरडायचा. ते सगळे परत घेतले.

बाजारातल्या पुष्कळ स्पीकरांसोबत हे आकडे येतच नाहीत. अशा वेळी स्पीकर आमच्याकडे ठेवून जा. आधी मोकळ्यावर एफएस मोजतो, मग माहीत असलेल्या मापाच्या बंद डब्यावर ठेवून पुन्हा मोजतो. एफएस जितका चढला, त्यावरून व्हीएएस निघतो. मोजायचे पैसे आम्ही घेत नाही.

पोर्टचा, म्हणजे हवेला बाहेर यायला मुद्दाम भोक ठेवलेला, डबा हवा का? थ्री-वेमधल्या मिडला नको. पोर्ट खालचा आवाज वाढवण्यासाठी असतो आणि तो तर आपण क्रॉसओव्हरनं कापणार आहोत. वेगळा बास नसेल आणि बारा इंची टॉपकडूनच (स्टँडवरच्या मुख्य डब्याकडूनच) ८०-१०० हर्ट्झपर्यंत काम काढून घ्यायचं असेल, तिथं पोर्ट बरोबर आहे.

केवढा स्पीकर, आणि हॉर्न लागेल का

कोन जितका मोठा, तितका वरचा आवाज तो समोरच एका झोतात टाकतो. २००० हर्ट्झला ध्वनिलहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. बारा इंची कोन त्याहून कितीतरी मोठा. त्यामुळे समोर बसलेल्याला शब्द स्वच्छ आणि कडेला बसलेल्या आजींना नुसता गोंगाट, असं होतं. बारा इंचीला आम्ही १०००-१२०० हर्ट्झच्या वर नेत नाही, तिथून पुढे हॉर्नचा (कर्ण्यासारख्या तोंडाचा) ड्रायव्हर लावायला सांगतो. आठ इंची २००० पर्यंत, साडेसहा इंची २५००-३००० पर्यंत चालतो. स्पीकर पाहून हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात.

घरच्या हॉलसाठी साडेसहा किंवा आठ इंची, साधा बंद डबा, बस. गल्लीतल्या मंडपाला दहा-बारा इंची. मोठं मैदान किंवा झाडीपट्टीच्या नाटकासारखी रात्रभर बोलायची बाब असेल, शेवटच्या रांगेपर्यंत संवाद पोचवायचे असतील, तर मिडला हॉर्न लावलेला डबा विचारात घ्या. हॉर्नला मात्र आकार लागतो. ३०० हर्ट्झपासून नीट काम करायचं तर त्याच्या तोंडाचा घेर १.१४ मीटरच्या जवळपास हवा, म्हणजे तोंड ३६ सेंटिमीटर रुंद. इतका मोठा हॉर्न बारा बाय दहाच्या खोलीत ठेवू नका. समोर बसवणार नाही.

वॅटच्या आकड्याला भुलू नका, सेन्सिटिव्हिटी पाहा. एक वॅट देऊन एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, तो हा आकडा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. १ मीटरपासून ३२ मीटरपर्यंत पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३० डेसिबल गेले. ९६ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट दिले तर मीटरवर ११६ आणि ३२ मीटरवर ८६ उरतात. स्पीकर ९० डेसिबलचा असेल तर एवढ्याचसाठी ४०० वॅट ओतावे लागतात, आणि ती सगळी उष्णता कॉइलनं सोसायची. सहा डेसिबल जास्त देणारा स्पीकर थोडा महाग पडला तरी तो घ्या, ॲम्पमध्ये पैसा वाचतो.

लाकूड

लहान मिडच्या डब्याला १२ मिलिमीटर प्लाय पुरतो, कारण फळ्या लहान असल्या की आपोआप ताठ राहतात. दहा-बारा इंचीला १८ मिलिमीटर. प्लाय घेताना शिक्क्यावर आयएस ३०३ आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) पाहा. मरीन प्लायवर आयएस ७१० असतं. पावसात फिरणाऱ्या सिस्टीमला तो घालायचा असेल तर घाला, घरासाठी त्याची गरज नाही. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) घरात ठीक आहे, कापायला आणि रंगवायला सोपा. पण गणपतीच्या मंडपात खालच्या कडेला एकदा पाणी लागलं की फुगतो आणि मग स्क्रू धरत नाही. मंडपात जाणारा डबा आम्ही एमडीएफमध्ये करत नाही, मागितला तरी. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा असताना डबे बंद गाडीत किंवा गच्चीवर ठेवू नका. जोड सुटतात, चिकटवलेल्या जागा कुरकुरायला लागतात.

आत काय भरायचं

बासच्या डब्यात कापूस कमी-जास्त झाला तर फारसं बिघडत नाही. मिडच्या डब्यात बिघडतं. वर सांगितलेल्या डब्याची लांब बाजू २१ सेंटिमीटर आहे, त्यात आवाज ८०० हर्ट्झच्या आसपास घुमतो, आणि ते गायकाच्या ऐन पट्टीत येतं. म्हणून गादीचा स्वच्छ पॉलिएस्टर कापूस सैलसर, पण पूर्ण डबा भरेल इतका घाला. दाबून कोंबू नका. कोनाच्या मागे तो लागू नये म्हणून मध्ये जाळीचं कापड ताणा.

मग गळती तपासा. डब्यावर अगदी हळू आवाजात खालचा सूर लावा आणि पेटलेली उदबत्ती जोडांवरून फिरवा. धूर जिथं थरथरतो तिथं फट आहे. आमचा प्रत्येक बंद डबा असा तपासूनच बाहेर पडतो. स्पीकर बसवताना खिडकीला लावतात तशी फोमची पट्टी कडेखाली द्या.

जोडणी आणि मांडणी

पेन्सिल सेल घ्या, दीड व्होल्टचा. प्लस लाल टोकाला, मायनस काळ्याला क्षणभर लावा. कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही बाजूंचे मिड असे तपासा. एक उलटा जोडला गेला तर मधोमध उभ्या गायकाचा आवाज पातळ होतो आणि लोक डब्याला दोष देतात. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम होतात, ॲम्पच्या पाठीवर तेवढं चालतं असं लिहिलंय का ते पाहा.

एका बाजूला दोन मिड लावायचे असतील तर एकावर एक उभे रचा. शेजारी-शेजारी ठेवले की डावी-उजवीकडे सरकताना काही सूर गायब होतात. सतरंजीवर बसलेल्या माणसाचा कान अडीच-तीन फुटांवर असतो, तेव्हा स्टँडवरचा डबा थोडा खाली झुकवा. त्याचा परिणाम आणखी शंभर वॅट लावण्यापेक्षा जास्त दिसतो.

शब्द स्वच्छ येत असला की एकूण आवाज कमी ठेवता येतो, हे आम्ही आग्रहानं सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १२ पर्यंतची सूट सरकारनं ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशीच, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. भिंतीपलीकडे कुणाचं बाळ नुकतंच झोपलेलं असतं, कुणाची परीक्षा असते.

येताना काय आणाल

स्पीकर आणा, निदान एक. ॲम्पच्या पाठीचा फोटो. जागेची लांबी-रुंदी आणि श्रोता सगळ्यात लांब कुठे बसणार ते. आणि मोबाइलमध्ये तुमच्या ओळखीच्या माणसाचं साधं बोलणं रेकॉर्ड करून आणा, गाणं नको. आईचा, भावाचा आवाज कसा आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. डबा तयार झाला की तोच आवाज लावून तुमच्यासमोर ऐकवतो. तो आवाज त्यांचाच वाटला नाही तर डबा आम्ही ठेवून घेतो आणि पुन्हा करतो.

पोळा झाला की चारच दिवसांत गणपती बसतात, आणि त्याआधीचे पंधरा दिवस आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. पावसाळी हवेत गोंदही सावकाश वाळतो, घाई केली तर जोड कच्चा राहतो. गणपतीसाठी डबा हवा असेल तर आषाढातच स्पीकर आणून द्या.