गर्भाशयावरचा जुना व्रण आणि पुढचे बाळंतपण : पार्श्वभूमी

पहिल्या खेपेला सिझर झाले की दुसऱ्या खेपेलाही सिझरच, नाहीतर कळांच्या जोराने गर्भपिशवी फाटेल, ही भीती कोल्हापूर परिसरातल्या घरांतून आजही ऐकू येते. ती निराधार नाही. मात्र ज्या शस्त्रक्रियेमुळे ती रूढ झाली, ती आता क्वचितच केली जाते.

1882 साली लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी सिझेरियननंतर गर्भाशय नीट शिवून घेण्याची रीत मांडली. त्यामुळे अधिक स्त्रिया वाचू लागल्या आणि व्रण असलेल्या गर्भाशयात पुन्हा गर्भ वाढला तर काय, हा प्रश्न पुढे आला. त्या काळी छेद गर्भाशयाच्या वरच्या, जाड स्नायूंच्या भागात उभा घेत असत. कळांमध्ये जोराने आकसतो तो नेमका हाच भाग, त्यामुळे व्रणावर मोठा ताण येई. या पार्श्वभूमीवर न्यूयॉर्कचे एडविन क्रेगिन यांनी 1916 मध्ये ‘एकदा सिझेरियन, नेहमीच सिझेरियन’ असे म्हटले. त्यांचा रोख खरे तर पहिलेच सिझेरियन विनाकारण करू नये यावर होता. तो भाग विसरला गेला आणि इशाऱ्याचा नियम झाला, ही खेदाची गोष्ट आहे.

पुढे 1920च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागातील आडव्या छेदाचा पुरस्कार केला आणि धोक्याचे गणित बदलले. वरच्या उभ्या छेदानंतर गर्भाशय फाटण्याचे प्रमाण 4 ते 9 टक्के मानले जाते, आणि ते कळा सुरू होण्याआधीही फाटू शकते. आडव्या छेदानंतर कळा येऊ दिलेल्या सुमारे 18 हजार स्त्रियांच्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात हे प्रमाण 0.7 टक्के आढळले. त्याआधी 2001 मध्ये वॉशिंग्टन राज्यातील अभ्यासाने एक महत्त्वाचा फरक दाखवला होता : कळा आपोआप आल्या तेव्हा हजारी सुमारे 5, तर प्रोस्टाग्लॅन्डिन हे कळा आणणारे औषध देऊन आणल्या तेव्हा हजारी 24हून अधिक.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील 25.4 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, म्हणजे हा प्रश्न आता घरोघरचा आहे. पोटावरची खूण आडवी दिसली, तरी आतला छेद तसाच असेल असे नाही; तो शस्त्रक्रियेच्या नोंदीतूनच कळतो. पहिले बाळंतपण माहेरी, दुसरे सासरी झाले, तर नेमका हाच कागद मागे राहतो.

शिवाय 0.7 टक्के हा आकडा तातडीने शस्त्रक्रिया करता येईल आणि रक्त मिळेल अशा रुग्णालयांतला आहे. गर्भाशय फाटताना बहुधा आधी बाळाचे ठोके मंदावतात, आणि तिथून पुढे हाती मिनिटेच असतात. म्हणून आडव्या छेदाचा कागद हाती असला, तरी गगनबावडा किंवा चंदगडच्या वाडीतील गर्भवतीने कळांची वाट घरी पाहणे योग्य नाही. पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जातात तेव्हा तर दिवस भरण्याआधीच तिने अशा रुग्णालयाच्या जवळ राहायला यायला हवे.