थ्रॉटलची स्प्रिंग विमानात उलटी का बसवतात

बेळगावाला इंजिन नवं नाही. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथेच सायकलचं दुकान काढलं. आज उद्यमबागेत कास्टिंगची कामं चालतात आणि हत्तरगीच्या सेझमध्ये विमानांचे सुटे भाग तयार होतात. आपल्या भागातल्या एखाद्या पोराने घरी छोटं विमान बांधायचं मनावर घेतलं, तर त्याचा हात आधी मोटरसायकलच्या किंवा जुन्या मोटारीच्या इंजिनाकडे जाईल. स्प्रिंगचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. गाडीच्या कार्बोरेटरमधली स्प्रिंग ती बंद करायला बसवलेली असते. एक्सलेटरची केबल तुटली की रेस उतरते आणि चोर्ला घाटातही गाडी कडेला घेता येते. अमेरिकेत १९७३ पासून मोटारींना हा नियमच आहे, आणि थ्रॉटल परत आणणारी ताकद किमान दोन ठिकाणांहून मिळाली पाहिजे, अशी अटही आहे. रस्त्यावर हे अगदी योग्य. पण टेकऑफनंतर तीनशे फुटांवर, खाली उसाचे फड असताना, इंजिन आयडलवर, म्हणजे सगळ्यात मंद फिरण्यावर आलं तर वैमानिकाच्या हातात फारसं काही उरत नाही.

सुरुवातीच्या विमानांना हा प्रश्न पडलाच नाही. राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनाला आजच्यासारखं थ्रॉटल नव्हतं. पहिल्या महायुद्धातली नोम रोटरी इंजिनं तर जवळजवळ पूर्ण ताकदीनेच फिरत. उतरताना वैमानिक बटण दाबून इग्निशन थोडा वेळ तोडत असे. पुढे अनेक विमानांत थ्रॉटलला ढकलता-ओढता येणारी जाड तार आली. घोळ झाला तो घरगुती बांधणीत. १९५० च्या दशकापासून हौशी लोक फोक्सवागन बीटलची इंजिनं विमानांना लावू लागले, आणि इंजिनाबरोबर रस्त्यावरची स्प्रिंगही वर गेली.

म्हणून हौशी बांधणाऱ्यांनी ती उलटी लावायला सुरुवात केली: केबल बंद करते, स्प्रिंग उघडते. छोट्या विमानांत सर्रास दिसणाऱ्या रोटॅक्स ९१२ मध्ये कारखान्यातूनच अशी रचना येते. केबल गेली तर पूर्ण ताकद मिळते. धावपट्टीच्या वर उंची घेऊन इग्निशन बंद करायचं आणि इंजिनाशिवाय तरंगत (ग्लाइड करत) उतरायचं. मात्र या इंजिनाला दोन कार्बोरेटर आहेत. एकाच बाजूची केबल तुटली तर ती बाजू फुल आणि दुसरी अर्धी, मग इंजिन जोरात थरथरतं. अशा वेळी वैमानिकाने हातातली थ्रॉटल लिव्हर पूर्ण पुढे ढकलून दोन्ही बाजू सारख्या करायच्या.

या रचनेला एक त्रास आहे. हात सोडला की स्प्रिंग लिव्हर पुढे ओढते, म्हणून लिव्हरला पुरेसं घर्षण ठेवावं लागतं. त्याला कंटाळून काही जण नरम स्प्रिंग लावतात. मला हे धोक्याचं वाटतं. केबल जुनी होऊन कवचात घासू लागली की नरम स्प्रिंगला बटरफ्लाय (थ्रॉटलची झडप) पूर्ण उघडता येत नाही, आणि लवचीक केबलने ती ढकलताही येत नाही. स्प्रिंग बदललीच तर इंजिन बंद असताना केबल कार्बोरेटरपाशी सोडवून बघावी: कार्बोरेटरवरची लिव्हर आपोआप, झटक्यात, पूर्ण उघड्या बाजूच्या स्टॉपला टेकली पाहिजे. स्प्रिंग वळवून घेताना कारागिराला हुकाचं वळण मोठं ठेवायला सांगावं आणि तिथे पकडीचा ओरखडा राहिला नाही ना हे नखाने तपासावं. इंजिनाच्या थरथरीने तार बहुधा तिथेच तुटते.