कुक्स कॉटेज, फिट्झरॉय गार्डन्स (मेलबर्न)

कुक्स कॉटेज म्हणजे मेलबर्नच्या फिट्झरॉय गार्डन्स या बागेतलं एक लहानसं दुमजली कौलारू घर, जे आता म्युझियम म्हणून दाखवलं जातं. जेम्स कुक या दर्यावर्दीच्या आईवडिलांचं हे घर, आणि ते बांधलं गेलं तिकडे इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या ग्रेट एटन गावात. म्हणजे घर आधी एका गावात होतं आणि मग उचलून हजारो मैल लांब एका बागेत आणून ठेवलं, ही या जागेची मुख्य गोष्ट. ती माहीत नसेल तर लोक पाच मिनिटांत फोटो काढून बाहेर पडतात.

दाराच्या वरच्या दगडावर जे. सी. जी. अशी अक्षरं आणि १७५५ हे साल कोरलंय. जेम्स (बापाचंही नाव तेच) आणि ग्रेस कुक, नवराबायको. मुलगा कुक तेव्हा २६ वर्षांचा, कधीच घर सोडून गेलेला, कोळसा वाहणाऱ्या जहाजांवर काम करून त्याच वर्षी रॉयल नेव्हीत भरती झाला. त्यामुळे तो या घरात लहानाचा मोठा झाला वगैरे जे सर्रास बोललं जातं ते चूक आहे, फार तर आईवडिलांना भेटायला आला तेव्हा मुक्काम केला असेल. पूर्वी 'कॅप्टन कुकचं कॉटेज' असं नाव चालायचं, आता इंग्रजी नावातला अपॉस्ट्रॉफीचा तो स्वल्पविरामासारखा ठिपका एस अक्षराच्या पुढे सरकवलाय (Cook's चं Cooks'), म्हणजे एकट्या कुकचं नाही तर कुक मंडळींचं घर. एवढ्याशा ठिपक्यात अख्खा वाद मिटवलाय, मला तरी हे आवडलं.

१९३३ मध्ये घर विकायला निघालं. मालकिणीची अट अशी की घर इंग्लंडबाहेर जाता कामा नये. मेलबर्नचे रसेल ग्रिमवेड, केमिस्ट आणि उद्योगपती, यांना व्हिक्टोरिया राज्यात (मेलबर्न याच राज्यात) युरोपीय वसाहत होऊन शंभर वर्षं झाली त्यानिमित्त लोकांना काहीतरी भेट द्यायची होती, आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तिचं मन वळवून 'इंग्लंड'च्या जागी 'साम्राज्य' हा शब्द घालून घेतला, झालं, ऑस्ट्रेलिया ब्रिटिश साम्राज्यातच होता. गावातली सगळ्यात मोठी बोली ३०० पौंडांची, ग्रिमवेड यांची ८००. मग घर सुटं केलं, एकेक भागावर नंबर टाकले, २५३ खोकी आणि ४० पिंपं भरली आणि 'पोर्ट डनेडिन' जहाजाने माल मेलबर्नला आला, भिंतीवर चढलेल्या आयव्हीच्या वेलाच्या फांद्यासुद्धा बरोबर आणल्या. इथे पुन्हा जोडून १५ ऑक्टोबर १९३४ ला ते शहराच्या स्वाधीन केलं.

या घराला ऑस्ट्रेलियातली सगळ्यात जुनी इमारत म्हणतात, पण ते जरा जपून घ्यायचं. इमारत जुनी आहे हे खरं, पण तिथे बांधलेली नाही, आणि बांधली गेली तेव्हा कुकने तो किनारा बघितलेलाही नव्हता. तो १७७० च्या एप्रिलमध्ये एंडेव्हर जहाजावरून आला (तेव्हा हुद्दा लेफ्टनंटचा, कॅप्टन नाही), व्हिक्टोरियाच्या पूर्व टोकाला पॉइंट हिक्स दिसलं आणि जहाज उत्तरेकडे वळलं. मेलबर्न जिथे आहे तिथे तो कधी आलाच नाही.

आतमध्ये बघण्यासारखं किती? सामानाची यादी केली तर थोडंच. खाली चूल असलेली खोली, वर झोपायची जागा, अरुंद जिना, आणि वस्तू बऱ्याचशा त्या काळातल्या पण कुक कुटुंबाच्या अशा फारच थोड्या. बाप शेतावर मजुरी करत करत मुकादम झालेला माणूस, त्यामुळे थाटमाट शोधायला जाऊ नये, उलट इतक्या जागेत माणसं कशी राहत असतील हा अंदाज तिथे उभं राहिल्यावरच येतो आणि माझ्या मते तिकिटाचे पैसे त्याच्यातच वसूल होतात. मागे इंग्लिश पद्धतीची भाजी आणि औषधी झाडांची छोटी बाग आहे. त्या काळचे कपडे घालून फोटो काढायचीही सोय आहे, मुलांना घराच्या इतिहासापेक्षा तेच लक्षात राहतं.

बागेत मात्र तिकीट नाही. २६ हेक्टरची, शहराच्या मध्यभागाला अगदी चिकटून, ४८ किंवा ७५ नंबरची ट्राम वेलिंग्टन परेडवर सोडते. एल्म झाडांच्या लांबलचक रांगा, फुलांचं काचघर, आणि फेअरीज ट्री नावाचा एका जुन्या रेड गम झाडाचा बुंधा, ज्यावर ओला कोन या शिल्पकार बाईंनी १९३१ ते १९३४ या काळात पऱ्या आणि प्राणी कोरलेत. शेजारी सिमेंटचं एक गुडघ्याएवढं ट्यूडर गाव आहे, महायुद्धानंतर टंचाईच्या दिवसात मेलबर्नहून अन्न पाठवलं म्हणून लंडनच्या लँबेथकडून १९४८ मध्ये आलेली भेट.

ही जमीन मुळात वुरुंजेरी या आदिवासी लोकांची. कुकच्या मागोमाग ब्रिटिश वसाहत आली, म्हणून त्याच्या नावाचा उत्सव आदिवासी समाजाला टोचतो, आणि २६ जानेवारीला, म्हणजे तिथल्या ऑस्ट्रेलिया डेच्या आसपास, या घराच्या भिंतींवर रंगाने निषेध लिहिल्याचे प्रकार झालेत. भिंती पुसून घेतल्या जातात, वाद तसाच आहे. जाणाऱ्याने दोन्ही बाजू माहीत असूनच जावं, नाहीतर घर म्हणजे नुसता परीकथेतला सेट वाटतो.

ग्रेट एटनमध्ये घराच्या जागी आता एक दगडी स्तंभ उभा आहे. त्याचा दगड पॉइंट हिक्सजवळून खोदून तिकडे पाठवलेला.