ऑस्ट्रेलियात साड्या-फराळ पाठवताय? तिथल्या जीएसटीची नोंदणी कोणाला लागते, कशी करायची

येवल्याहून, पुण्याहून, डोंबिवलीहून थेट सिडनी-मेलबर्नच्या गिऱ्हाइकाला माल पाठवणारे मराठी विक्रेते आता कमी नाहीत. पैठण्या, खणाच्या साड्या, चांदीचे दागिने, दिवाळीचा फराळ. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातो, खात्यात पैसे येतात, कुरिअरवाला पार्सल घेऊन जातो. धंदा जरा वाढला की प्रश्न पडतो : ऑस्ट्रेलियाचा जीएसटी आपल्याला लागतो का? काहीजण ऐकीव माहितीवर घाबरून ऑर्डर घेणेच थांबवतात, काहीजण तो विषयच काढत नाहीत. दोन्हींत नुकसान आहे.

आधी उत्तर. ऑस्ट्रेलियातल्या ग्राहकांना बारा महिन्यांत ७५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचा माल विकत असाल, तर नोंदणी सक्तीची आहे. त्याखाली नाही. म्हणजे महिन्याला सरासरी ६,२५० डॉलर. घरून धंदा करणारी व्यक्ती बहुधा या रेषेच्या आतच असते. तिने हिशेब नीट ठेवावा आणि निर्धास्तपणे माल पाठवावा.

हा कर विक्रेत्याकडे का आला

ऑस्ट्रेलियात १० टक्के जीएसटी १ जुलै २००० पासून आहे. पण परदेशातून मागवलेली वस्तू १,००० डॉलरपर्यंतची असेल, तर तिच्यावर ना जीएसटी लागायचा ना आयात शुल्क. २०१० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला आणि परदेशी संकेतस्थळांवरची खरेदी एकदम स्वस्त झाली. मोठ्या दुकानदारांनी वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन ही सवलत काढा म्हणून मोहीम उघडली. हार्वे नॉर्मन या मोठ्या दुकानसाखळीचे गेरी हार्वे त्या मोहिमेचा चेहरा झाले, आणि लोकांनी उलट त्यांनाच धारेवर धरले : इतकी वर्षे चढे भाव लावलेत, आता आम्ही बाहेरून घेतले तर तक्रार कसली?

सरकारने हा प्रश्न उत्पादकता आयोग या आपल्या सल्लागार संस्थेकडे दिला. आयोगाच्या २०११ च्या अहवालानुसार देशाच्या किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा सुमारे ६ टक्के होता, आणि त्यात परदेशी संकेतस्थळांचा वाटा एकूण विक्रीच्या फक्त २ टक्के. दुकानांचे भाडे, शहर नियोजनाचे जाचक नियम, दुकान उघडे ठेवण्याच्या वेळांवरची बंधने, परदेशी पुरवठादारांनी ऑस्ट्रेलियासाठी लावलेले वेगळे चढे दर, हे सगळे दुखणे आयोगाने मांडले. कराची सवलत हा त्यातला लहान भाग. तत्त्वतः ती सवलत चुकीची आहे हे आयोगाला मान्य होते, पण तेव्हाच्या पद्धतीने प्रत्येक पार्सलवर कर वसूल करायचा तर सुमारे ६० कोटी डॉलर मिळवण्यासाठी २०० कोटींहून कितीतरी जास्त खर्च आला असता.

मला हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आजची सगळी पद्धत त्यातून निघाली आहे. पार्सल अडवणे परवडत नाही, मग विक्रेत्यालाच कर घ्यायला लावायचा. २०१७ मध्ये तसा कायदा झाला आणि १ जुलै २०१८ पासून लागू झाला. म्हणूनच १,००० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर दारात कुणी कर मागायला येत नाही. नोंदणीकृत विक्रेत्याने तो किमतीतच घेतलेला असतो.

दुकानदारांची बाजू मला न्याय्य वाटते. सिडनीच्या हॅरिस पार्कमध्ये किंवा मेलबर्नच्या डँडेनाँगमध्ये साड्यांचे दुकान चालवणारे आपलेच लोक आहेत. ते भाडे भरतात, पगार देतात आणि प्रत्येक साडीवर १० टक्के कर सरकारजमा करतात. तीच साडी बाहेरून करमुक्त आली, तर त्यांनी स्पर्धा कशाच्या बळावर करायची?

७५,००० मध्ये काय धरायचे

दोन्हीकडून बघायचे : चालू महिना आणि मागचे अकरा महिने, तसेच चालू महिना आणि पुढचे अकरा महिने. दुसरा अंदाज असतो, पण दिवाळीआधी मोठी ऑर्डर हातात असेल तर तो टाळता येत नाही. मर्यादा गाठली किंवा गाठणार हे दिसले, की २१ दिवसांत नोंदणी करायची.

एट्सी, ईबे, अ‍ॅमेझॉन अशा बाजारपेठेतून विकलेल्या मालाचा कर ती बाजारपेठच घेते आणि भरते. ती विक्री तुमच्या ७५,००० मध्ये धरली जात नाही. म्हणून फक्त अशा ठिकाणीच विकणाऱ्याला बहुधा काहीच करावे लागत नाही. स्वतःचे संकेतस्थळ, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरची विक्री मात्र तुमची. गिऱ्हाईक तिथला जीएसटी-नोंदणीकृत दुकानदार असेल आणि त्याने आपला व्यवसाय क्रमांक, म्हणजे एबीएन, दिला असेल, तर त्याच्याकडून कर घ्यायचा नाही. तो क्रमांक लेखी घेऊन ठेवा.

फराळवाल्यांसाठी एक खाचखळगा. ऑस्ट्रेलियात मूलभूत खाद्यपदार्थांवर जीएसटी नाही, त्यामुळे गोडा मसाला, हळद, तिखट करमुक्त. चकली, चिवडा, शंकरपाळे मात्र खाऊत मोडतात आणि त्यांच्यावर १० टक्के लागतात. एकाच डब्यात दोन्ही असतील तर बिलावर किमती वेगळ्या दाखवा.

नोंदणीचे दोन मार्ग

आपल्या बहुतेक विक्रेत्यांसाठी सोपी नोंदणी पुरेशी आहे. ती ऑस्ट्रेलियन टॅक्सेशन ऑफिसच्या अनिवासी व्यावसायिकांसाठीच्या ऑनलाइन सेवेतून होते. व्यवसायाचे नाव, पत्ता, संपर्काची व्यक्ती, नोंदणी कोणत्या तारखेपासून हवी, असा तपशील भरायचा; ओळखीचे साक्षांकित कागद पाठवावे लागत नाहीत. त्यानंतर एआरएन नावाचा १२ आकडी क्रमांक मिळतो. विवरण दर तिमाहीला. या मार्गात तुम्ही तिथे खर्चावर भरलेला जीएसटी परत मागता येत नाही.

तिथे गोदाम भाड्याने घेतले असेल, माल आधी स्वतःच्या नावावर आयात करून मग विकत असाल, तर नेहमीची नोंदणी घ्या. तिला ११ आकडी एबीएन लागतो, ओळखीचे पुरावे लागतात आणि वेळही जास्त जातो. बदल्यात भरलेला कर वळता करून घेता येतो.

नोंदणीनंतर १,००० डॉलर किंवा कमी किमतीच्या वस्तूवर १० टक्के घ्यायचे. २४० डॉलरच्या साडीवर २४ डॉलर. वस्तू १,००० च्या आत आहे की बाहेर हे ठरवताना ऑस्ट्रेलियापर्यंतचे वाहतूक भाडे आणि विमा धरत नाहीत. पावतीवर तुमचे नाव, एआरएन, तारीख, मालाचे वर्णन आणि घेतलेला जीएसटी हवा. कुरिअरच्या सीमाशुल्क कागदांवरही एआरएन टाकायला सांगा, म्हणजे गिऱ्हाइकाकडून पुन्हा कर मागितला जाणार नाही.

विवरणाच्या शेवटच्या तारखा : जुलै ते सप्टेंबरसाठी २८ ऑक्टोबर, ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी २८ फेब्रुवारी, जानेवारी ते मार्चसाठी २८ एप्रिल, एप्रिल ते जूनसाठी २८ जुलै. दिवाळीची विक्री बहुधा फेब्रुवारीच्या विवरणात येते. तोवर ते पैसे खर्च होऊन जातात, म्हणून कराची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. भरणा ऑस्ट्रेलियन डॉलरमध्येच, क्रेडिट कार्डाने किंवा स्विफ्टने, म्हणजे बँकेतून परदेशी पैसे पाठवण्याच्या पद्धतीने.

मर्यादा ओलांडूनही कर घेतला नाही, तरी देणे तुमचेच. मिळालेल्या किमतीतच कर होता असे धरून तिचा अकरावा भाग द्यावा लागतो. ७५,००० च्या विक्रीवर ते सुमारे ६,८१८ डॉलर होतात, आणि तेही तुमच्या नफ्यातून.

भारी पैठणी पाठवताना

१,००० डॉलरच्या वरच्या मालावर विक्रेत्याने कर घ्यायचा नाही. तो तिथे पोहोचल्यावर गिऱ्हाईक भरते. ६००-६०० डॉलरच्या दोन साड्या एकाच खेपेत गेल्या तर तीही खेप यात येते. गिऱ्हाइकाला आयात घोषणापत्र भरावे लागते, स्वतः किंवा सीमाशुल्क दलालामार्फत. त्यासाठी ओळखीचे पुरावे, तुमचे बिल, पैसे दिल्याची पावती आणि वाहतुकीचा कागद लागतो. जीएसटी इथे माल, शुल्क, भाडे आणि विमा या सगळ्यांच्या बेरजेवर बसतो, शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळे. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू असल्याने भारतीय कापडावर आयात शुल्क शून्य होऊ शकते. त्यासाठी माल भारतात बनल्याचा मूळ देशाचा दाखला जोडा. हे सगळे ऑर्डर घेतानाच सांगा. पार्सल अडकल्यावर सांगितले की गिऱ्हाईक कायमचे जाते.

कर भरला म्हणून माल आत जाईलच असे नाही. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षा नियम फार कडक आहेत. पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ भारतातून पाठवू नका. आंब्याची पाने, दूर्वा, ताजी फुले, बिया लावलेल्या राख्या हेही नाही.

इकडची तयारी

आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपयांत मिळतो. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला धनादेश किंवा बँकेचे प्रमाणपत्र एवढे पुरते. भारतात जीएसटी नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षासाठी हमीपत्र भरा, म्हणजे निर्यातीवर आधी कर भरून परताव्याची वाट बघावी लागणार नाही. लहान पार्सलांसाठी डाक घर निर्यात केंद्रातून टपालाचे निर्यात बिल भरता येते. आणि आयईसीचा तपशील दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन पक्का करावा लागतो, काही बदललेले नसले तरी. तसे केले नाही तर क्रमांक निष्क्रिय होतो, आणि ते कळते बहुधा गणपती-दिवाळीच्या ऑर्डरी हातात असताना.